रद्द झालेली चौकशी

तिने नोटीस टेबलावरून मॅनेजरकडे सरकवली.

"पुरेशी मुदत दिलेली नाही. आणि ज्यांनी तक्रार केली, तेच साहेब चौकशीला बसलेत. हे टिकणार नाही."

शेजारी बसलेल्या बाबांनी मान ताठ केली. बाटल्यांच्या या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. कामावरच्या जोडीदाराचा हात यंत्रात जाता जाता वाचला, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता यंत्र बंद केलं. तेवढ्यावरून नोकरीवर बेतलं होतं. लेक विद्यापीठात कायदा आणि राज्यशास्त्र एकत्र शिकत होती. दोन्ही एकदम कशाला, म्हणून नातेवाईक नाक मुरडत, तेव्हा बाबा म्हणत, "एक लढायला, दुसरं कुणाशी लढायचं ते कळायला."

मॅनेजर शांतपणे लिहून घेत होता.

"अजून काही?"

अजून होतंच. साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नव्हती, कागदांच्या प्रती दिल्या नव्हत्या. पेपरात एकही मुद्दा सुटू नये, तसं तिने सगळं सांगून टाकलं. चौकशी रद्द झाली.

फाटकाबाहेर अख्खी पाळी काम टाकून उभी होती. ज्याचा हात वाचला होता तो पैलवान पुढे आला.

"जिंकलो ना गं?"

"चौकशी रद्द झाली, काका."

"मग याला लेखी कामावर घेईपर्यंत आम्ही हलत नाही. मोठी ऑर्डर अडकलीय, साहेबांचं धाबं दणाणलंय."

"नको, काका. असा संप बेकायदेशीर ठरेल. आपली बाजू भक्कम आहे, ती कशाला बिघडवायची?"

पैलवानाने बाबांकडे पाहिलं.

"ती शिकलीय," बाबा म्हणाले. "ती म्हणते तसं करा."

माणसं आत गेली. यंत्रांची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू आली, तेव्हा तिला मनापासून अभिमान वाटला. सत्ता नेमकी कुठे असते, यावर त्याच आठवड्यात तिने वर्गात निबंध वाचला होता आणि सरांनी तोंडभरून कौतुक केलं होतं.

ऑर्डर रवाना झाली आणि नवी नोटीस आली. मुदत भरपूर. चौकशीला बाहेरचे निवृत्त न्यायाधीश. सगळ्या कागदांच्या प्रती, उलटतपासणी हवी तितकी. तिने दाखवलेली एकेक चूक मॅनेजरने निगुतीने दुरुस्त केली होती. फाटकावर या वेळी फक्त वॉचमन होता.

यंत्र न विचारता बंद केलं, हे बाबा काही नाकारणार नव्हते. बडतर्फीचा आदेश तिने पुन्हा पुन्हा वाचला. कुठेही फट नव्हती. संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

"तुमच्यामुळे आमचं काम पक्कं झालं," मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं.

बाबांनी पेन उचललं.

"मिळाल्याची सही कुठे करायची?"

त्यांनी मॅनेजरला विचारलं नव्हतं. तिला विचारलं होतं.

तिने जागा दाखवली.