कल्हई गेली, कुंकू राहिलं

मी एक जुनी तांब्याची डेग आहे. जुनी म्हटलंय, निकामी नाही. लातूरच्या एका मुलींच्या मेसमध्ये मी रोज चुलीवर चढते. माझ्यावर विषाचा आळ आला होता. तो कसा आला ते मी आज ठणकावून सांगणार आहे. मित्रांनो, ऐकायचं तर नीट मांडी घालून बसा.

नांदेडच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. अहमदपूरच्या शांतम्मानं लेकीच्या लग्नासाठी मला विकत आणलं. लग्न उरकलं आणि त्याच वर्षी भूकंप झाला. शांतम्मानं मला ट्रॅक्टरवर चढवलं आणि एका पडलेल्या गावाच्या शिवारात तीन दगडांवर मांडलं. पत्र्याखाली बसलेल्या माणसांना मी खिचडी दिली. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शांतम्मा ताटासमोर बसून राहायची आणि म्हणायची, "खा. रडायला बी अंगात बळ लागतंय."

पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या. लोह्याच्या, मुखेडच्या पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीतून उतरू लागल्या. त्यांच्यासाठी शांतम्मानं मेस काढली. माझ्याशिवाय ती चालली असती का? नाव काढू नका.

दरवर्षी शिकवण्या सुरू होण्याआधी खाजामियाँ कल्हईवाले यायचे. अंगणात खड्डा करून कोळसा पेटवायचे, भाता चालवायचे. मी तापले की नवसागर टाकायचे आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचे. माझं पोट चांदीसारखं पांढरं व्हायचं. तांब्यात आंबट पदार्थ राहिला तर तो कळकतो आणि माणसाला बाधतो. मध्ये कथलाचा थर असला की बाधत नाही. एवढीच गोष्ट. कल्हई झाली की शांतम्मा मला हळदकुंकू लावायची, हार घालायची, पोरींना शिरा वाढायची. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायची, "करायचं म्हंजे करायचं." इथंच तिचं चुकलं. इतकी वर्षं माझ्यातलं जेवली, म्हणून मी तिला बोलू शकते.

शांतम्माचे गुडघे गेले. ती लेकीकडे उदगीरला राहायला गेली. मुलगा शिवकुमार यानं एका मेसच्या तीन मेस केल्या. मॅनेजर बदलले, आचारी बदलले. खाजामियाँ वारले तेव्हा आता कुणाला बोलवायचं म्हणून एक वर्ष कल्हई टळली. पुढच्या वर्षी ती कुणाला आठवलीच नाही. हळदकुंकू मात्र एकदाही चुकलं नाही. उलट हार मोठा झाला, माझ्याशेजारी उभं राहून फोटो निघू लागले. कथील झिजून माझं पोट लाल पडलं, तर नवे मॅनेजर बसवंत म्हणाले, काय चमक आहे, अजून घासा.

मग एकदा सकाळची चिंचेची आमटी संध्याकाळपर्यंत माझ्यातच राहिली आणि तीच वाढली गेली. परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरी उलट्या करून आडव्या. सलाईन लावून निभावलं. बसवंतांनी लगेच निकाल दिला की स्वयंपाकीण तुळजाबाई घाणेरड्या हाताची आहे आणि डेग जुनी होऊन विषारी झालीय. तिला कामावरून काढायचं आणि मला मोडीत द्यायचं. तुळजाबाई रडली नाही. "माझे हात बघा आन् मग बोला," म्हणाली. कुणी बघितले नाहीत.

बातमी उदगीरला पोचली. शांतम्मा काठी टेकत आली. पाणीसुद्धा न पिता तिनं माझ्यात डोकं घातलं.

"कल्हई कवा केली?"

बसवंतांनी शिवकुमारकडं बघितलं, शिवकुमारनं माझ्याकडं. जणू मी सांगत नव्हते! लालभडक पडून मी दुसरं काय सांगत होते?

"अव्वा, पूजा तर दरवर्षी करतोय की," शिवकुमार म्हणाला.

"पूजा भांड्याची नव्हती रे, कल्हईची व्हती. तुळजाबाई हितंच राहील. आमटी तिनं नासवली न्हाई, तुमच्या इसरण्यानं नासवली."

तेवढ्यात लोह्याची नाजिया पुढं आली. तीही आजारातून नुकतीच उठली होती. तिनं विचारलं, "आज्जी, पण कल्हई नेमकी कशासाठी असते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कितीजणींनी विचारला होता, पण उत्तर कुणालाच मिळालं नव्हतं. शांतम्मानं काठी बाजूला ठेवली, खाली बसली आणि पहिल्यांदा सगळं उलगडून सांगितलं. नांदेडहून कल्हईवाला आणला. तो काम करत होता तेव्हा तिनं सगळ्यांना समोर उभं केलं. बसवंत धुरानं खोकत मागं सरकले, तर म्हणाली, "खोका, पर बघा."

मित्रांनो, मी मोडीत गेले नाही, जाणारही नाही. तुमच्या शाळेत, दुकानात, घरात जे 'करायचं म्हणून' चाललंय, ते कशासाठी हे जुन्या माणसांना विचारा. सांगत नसतील तर दारात अडून बसा. आणि मला हार घालायला येणाऱ्यानं आधी वाकून माझ्या पोटात बघावं. लाल दिसलं, तर हार परत न्यावा आणि कल्हईवाला घेऊन यावं.