सीटखालचा दोरा

"चूक माजीच हाय साहेब. घाटात गेर चुकला," रोहिणी म्हणाली, आणि शिपाई सुग्रीवच्या हातातल्या ट्रेमधले कप खुळखुळले.

शेतकी सहकारी बँकेचे चेअरमन अमरसिंह यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "टीव्हीवाले आले होते. बँकेचं नाव छातीवर घेऊन तू धारूरच्या घाटात आडवी झालीस. आता संघात दुसरी खेळाडू बघावी लागंल."

रोहिणीचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हाताने तिने पिशवीतून बँकेची हिरवी जर्सी काढली. धुऊन, घडी घालून आणली होती. ती टेबलावर ठेवून रोहिणी निघाली. सुग्रीवने चहा ठेवला आणि तोही बाहेर पडला.

शेतकऱ्यांच्या बँकेने पगारी सायकलपटूंचा संघ पाळावा, यावर अख्खा तालुका हसून मोकळा झाला होता. बैल सोडून सायकली जुंपल्या, असं म्हणत लोक. हसला नव्हता तो एकटा सुग्रीव. मूळचं त्याचं सायकलीचं दुकान. ते बसलं म्हणून तो बँकेत चिकटलेला. संघ निघाला आणि त्याच्या हातांना पुन्हा ग्रीस लागलं. चार वर्षं रोहिणीची सायकल त्याने पोटच्या लेकरासारखी जपली होती.

शर्यतीच्या दिवशी तेलगावला ही गर्दी! बाया बोटं दाखवत होत्या, "ती बगा आष्टीची पोरगी." पोरीला दृष्ट लागेल, असं सुग्रीवच्या मनात आलं. रोहिणीने बजावून ठेवलं होतं, "मामा, सायकलीला कायबी लटकवू नका." पण ती पाठीला नंबर लावून घ्यायला गेली आणि याने सीटखाली काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची बांधलं. नव्या ट्रॅक्टरला बांधतात, जीपला बांधतात. मग सायकलीने कुणाचं घोडं मारलंय?

घाटातल्या तिसऱ्या वळणावर दोरा सुटून मागच्या चाकाच्या दात्यांत गुंडाळला गेला. साखळी अडकली आणि सगळ्यांच्या पुढे असलेली रोहिणी रस्त्यावर आपटली. मागून येणाऱ्या संघाच्या जीपमधून सुग्रीवच पहिला पोचला. त्याने आधी पोरीला उचलायला हवं होतं. त्याने आधी ब्लेडने दोरा कापला आणि खिशात घातला.

आठ दिवस तो दोरा खिशातच होता. चोराच्या मनात चांदणं. कुणी नुसती हाक मारली तरी त्याला धस्स होई. लाज तर वाटत होतीच, पण नोकरीची भीती लाजेहून मोठी होती.

बँकेच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं.

"रोहिणे, तुजी चूक न्हाई. म्या..."

"ठावं हाय मला. तुमी दोरा कापताना बगितलं म्या."

सुग्रीव एक पायरी मागे सरला. "मग आत कावून न्हाई बोललीस?"

"काय बोलू? माय-बाप सहा महिने ऊसतोडीला. माजी दिष्ट काढाया तुमच्याबिगर हाय का कोन?" तिने पिशवी खांद्यावर घेतली. "तुमची नोकरी गेली असती, मामा. येते मी."

ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला लई बरं वाटलं असतं. ती मात्र एका हाताने कठडा धरत सावकाश पायऱ्या उतरली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. तो वाकून वाकून बघत राहिला.

मग तो माघारी वळला. अकरा वर्षांत चेअरमनच्या खोलीत तो ट्रे घेतल्याशिवाय कधी गेला नव्हता.

"कप ने ते," अमरसिंह मान वर न करता म्हणाले.

सुग्रीवने कपांना हात लावला नाही. खिशातला काळा दोरा काढून त्याने घडी घातलेल्या जर्सीवर, बँकेच्या नावाशेजारी ठेवला.

"हा म्या बांदलता, साहेब," तो म्हणाला आणि हात मोकळे सोडून उभा राहिला.