दाभोळच्या होडीचा पंप

मी पंप बोलतोय. थांबा, पंप म्हटलं की लोकांना लगेच विहीर आठवते. पाण्याचं नावसुद्धा माझ्यासमोर काढू नका. मी डिझेलचा पंप आहे आणि पाणी माझा सात जन्मांचा वैरी. आज मला एका जागी बसवत नाहीये, कारण उद्या सकाळच्या गाडीनं मी घरी निघालोय. तेवढ्यात माझी हकीकत ऐकून घ्या. एकदा फडक्यात गुंडाळलं की माझं तोंड बंद.

सध्या मुक्काम चंदीगड, इंडस्ट्रियल एरिया, गुरमेल सिंग मिस्त्रींचं टेबल. शेजारी सगळे ट्रॅक्टरचे पंप. भले आहेत, पण समुद्र पाहिलेला एकही नाही. पहिल्या दिवशी मी भरती-ओहोटीबद्दल सांगितलं, तर त्यांना वाटलं मी थापा मारतोय.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन पिचकाऱ्या आहेत. एक नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या, अशी एकेक जोडी. मिस्त्री लोक तिला एलिमेंट म्हणतात. दोघांमधली फट केसाहूनही बारीक. इंजिनाला हवं त्याच क्षणी, हवं तेवढंच डिझेल मी जोरात फेकतो. जरा कचरा आला, पाण्याचा थेंब आला, की माझं बिनसलं. नाजूक आहे मी, कबूल करतो.

माझी होडी ‘निशिगंधा’. दाभोळच्या खाडीत असते. आहे शिडाची, पण शीड असलं तरी वारा काही आपला नोकर नसतो. खाडीच्या तोंडाशी वारा पडला आणि ओहोटी उलटी ओढायला लागली, की सगळे मुकाट्यानं माझ्याकडे बघतात.

तिचे मालक विजयकुमार शिरधनकर. सगळा धक्का त्यांना आप्पा म्हणतो. बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आता शहात्तर वर्षांचे. दर शनिवारी सकाळी आठला आप्पा येत. माझ्या अलीकडे डिझेल गाळणारी एक काचेची वाटी आहे. तिच्या खालचा नळ सोडून ते थोडं डिझेल एका बिनकानाच्या पांढऱ्या कपात घेत आणि उजेडात धरून बघत. डिझेल वर तरंगतं, पाणी तळाला बसतं. तळाशी थेंब दिसला की तो निघून जाईपर्यंत नळ उघडा. मग हातानं पंप मारून पाइपातली हवा काढायची, आणि शेवटी डायरीत लिहायचं, ‘पाणी काढले.’ तीस वर्षांत हा नेम चुकला नाही. माणसं देवाची पूजासुद्धा इतक्या नेमानं करत नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. पावसाळ्यात होडी माडाच्या झापांखाली ओढून ठेवायची, तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरायची. टाकी रिकामी राहिली की आतली दमट हवा पत्र्यावर घाम धरते, तो घाम तळाला साचतो आणि पत्रा गंजतो. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते.

मागच्या जूनमध्ये आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला होते. नेमका तेव्हाच त्यांचा मुलगा परीक्षित घरी आला. तो फौजेत मेजर. त्याची बदली चंदीगडजवळ चंडीमंदिरला झाली होती. बदली म्हटली की सामानाच्या काळ्या पेट्या, आणि स्कूटर रेल्वेनं पाठवायची तर तिची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पठ्ठ्यानं अंगणात स्कूटरची टाकी रिकामी केली आणि त्याच सपाट्यात खाली येऊन होडीचीही केली. डिझेल शेजारच्या मच्छीमाराला देऊन टाकलं. फौजी शिस्त! मी ओरडत होतो, अरे बाबा, मी कुठे बदलीवर चाललोय? पण ऐकतं कोण.

अख्खा पावसाळा टाकी रिकामी. नारळी पौर्णिमेला परीक्षित चार दिवस सुट्टीवर आला. आप्पा यायच्या आधी त्यानं ताजं डिझेल भरून ठेवलं. त्याला वाटलं, जुनं गेलं, नवं आलं, चांगलंच केलं. यात आप्पांना सांगण्यासारखं काय आहे? आप्पांनी सकाळी कपात डिझेल घेतलं, बघितलं. स्वच्छ होतं. समुद्राला नारळ वाहिला आणि आम्ही निघालो.

बाहेर लाटांवर होडी हलली आणि टाकीच्या तळाचं सगळं ढवळून निघालं. काचेची वाटी मूठभर, पाणी आलं ओंजळीनं, वर गंज. माझा एक दट्ट्या जागीच अडकला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. एका मासेमारी बोटीनं आम्हाला दोर लावून सगळ्या धक्क्यादेखत परत आणलं.

आप्पा एवढंच म्हणाले, “माझंच चुकलं. कपातलं पाणी या डोळ्यांना दिसलं नसेल.”

परीक्षितला ते खरंच वाटलं. त्यानंतर आप्पांनी शनिवारी येणं सोडलं. याचं मला दट्ट्या अडकल्यापेक्षा जास्त दुःख झालं.

दिवाळीत परीक्षित मला इंजिनावरून सोडवायला लागला, तेव्हा आप्पा काठावर बसून होते.

“चंदीगडला काय समुद्र आहे?”

“समुद्र नाही आप्पा, पण ट्रॅक्टर आहेत. असले पंप तिथे रोज उघडतात.”

“ने. पण मी त्या रिसॉर्टवाल्याला शब्द दिलाय. पंधरा दिवसांनी, रविवारी येऊन तो होडी घेऊन जाईल. हिरवळीवर ठेवणार म्हणतो, आत फुलझाडं लावणार.”

निशिगंधेत फुलझाडं! मी तेव्हा बोलू शकलो असतो, तर काय काय बोललो असतो.

चकल्यांच्या डब्याशेजारी बसून मी उत्तरेला आलो. घरी पोचल्यावर परीक्षितची बायको उर्मिला म्हणाली, “चकलीला डिझेलचा वास येतोय.”

“मोहन जास्त पडलं असेल,” परीक्षित म्हणाला.

त्या चकल्या त्यानं एकट्यानं संपवल्या.

उर्मिलाच मला स्कूटरवरून इथे घेऊन आली. गुरमेल सिंगांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “ये किस गड्डी दा है जी?”

“गाडी का नहीं जी, नाव का है.”

त्यांनी मला नाकाशी धरून वास घेतला. मग म्हणाले, “चलो, पीता तो डिझेल ही है.” त्या क्षणी मला हा माणूस आवडला.

आज शुक्रवार. रविवार परवावर आलाय. सकाळी परीक्षित आणि उर्मिला आले, तेव्हा माझे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले होते. मिस्त्रींनी गंजलेला दट्ट्या बोटानं पुढे सरकवला.

“मेजर साब, टंकी खाली किसने छोड़ी थी?”

“खाली? टंकी तो...” परीक्षित बोलता बोलता थांबला. “मैंने. जून में. स्कूटर रेल से भेजनी थी, तो साथ में नाव की भी.”

“स्कूटर को तो रेल में जाना था जी. नाव कहाँ जा रही थी?”

परीक्षितचा चेहरा बघवत नव्हता. तो उर्मिलाला म्हणाला, “पंप चालू होऊ दे, मग आप्पांना सांगतो.”

“आणि नाही झाला तर?” उर्मिला म्हणाली. “आप्पांनी शनिवार सोडलेत ते पंपासाठी नाही, परीक्षित. आत्ता लाव फोन.”

त्यानं लावला. मी तिथेच उघडा पडलो होतो, त्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकला. त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

“म्हणजे मी पाणी काढायला चुकलो नव्हतो?” आप्पांनी विचारलं.

“नाही आप्पा. मी चुकलो.”

“त्या सकाळची डायरी मी कितीदा काढून बघितली. ‘पाणी काढले’ लिहिलंय. मला वाटायला लागलं होतं, न बघताच लिहिलं असेल.” त्यांनी नाक शिंकरलं. मग आवाज एकदम चढला. “गाढवा, मिस्त्रींना दे फोन.”

पुढची दहा मिनिटं दाभोळची हिंदी आणि पंजाबची हिंदी एकमेकांत अशी मिसळली की विचारता सोय नाही. “दोनों पिचकारी बराबर मंगता,” आप्पा पुनःपुन्हा सांगत होते. गुरमेल सिंगांनी जुन्या खणातून एक एलिमेंट शोधून काढलं. निघालं एका ट्रॅक्टरचं, पण मापाला अगदी तेच. आता ट्रॅक्टर माझा सोयरा झाला म्हणायचा.

दुपारी मला तपासणीच्या यंत्रावर चढवलं. समोर काचेच्या दोन नळ्या. माझी एकेक पिचकारी एकेका नळीत डिझेल सोडणार. दोन्हींची उंची सारखी भरली तर मी पास. फोनवर व्हिडिओ लावून आप्पाही बघत होते. यंत्र फिरलं. पहिल्यांदा डावी नळी मागे राहिली. मिस्त्रींनी पाना घेऊन जरासं फिरवलं, पुन्हा लावलं, पुन्हा जरासं. आणि मग दोन्ही नळ्या हातात हात घालून वर चढल्या. माझं अंग अंग थरथरत होतं, यंत्रामुळे म्हणा हवं तर.

“सारख्या आहेत,” आप्पा फोनमधून म्हणाले. “मला दिसतंय, दोन्ही सारख्या आहेत.”

रिसॉर्टवाल्याला त्यांनी तिथल्या तिथे दुसरा फोन घेऊन नाही म्हणून कळवलं. टाकी आतून घासायला उद्याच घेतो म्हणाले.

तर मंडळी, माझी एवढीच विनंती आहे. होडी उभी करून ठेवाल, तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरा. आणि दुसऱ्याच्या टाकीला हात लावलात, तर त्याला तेवढं सांगा. नाहीतर बिचारा स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसतो.

उर्मिला फडकं घेऊन आली. या वेळी मला चकल्यांपासून लांब ठेवणार आहेत म्हणे. पुढच्या शनिवारी मी माझ्या जागेवर असेन. आठ वाजता तो बिनकानाचा कप येईल, आणि कप धरणारा हातही.