वरच्या मजल्यावरचा बेस

आमच्या बँडचा एक नियम आहे, आणि तरुणपणी मोठ्या तोऱ्यात तो मीच केला होता: ज्याचं ओझं त्याने उचलायचं. मिलूद गातो, मायक्रोफोन खिशात घातला की त्याचं ओझं संपलं. दरबुकावाला दरबुका, म्हणजे आपला हातढोल, काखेत मारून येतो. मी बेस गिटार वाजवतो, आणि माझ्या ओझ्यात गिटार सगळ्यात हलकी. खरं ओझं स्पीकरच्या पेटीचं. पंधरा इंची स्पीकर, जाड प्लायवूड, लोखंडी कोपरे. बँडमध्ये तिला ‘हज्जा’, म्हणजे हज करून आलेली आजी, म्हणतात, कारण ती म्हातारी आहे, जाडी आहे आणि एकदा बसली की उठत नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा माझी दाढी काळी होती. हज्जाला चौथ्या मजल्यावरून खाली न्यायचं, आमच्या ओरान शहरातल्या कुठल्यातरी गल्लीत लग्न वाजवायचं आणि तिला परत वर आणायचं, यातच माझी कंबर कामातून गेली.

डॉक्टर म्हणाला, गिटार वाजवा, पेटी उचलू नका. मी मिलूदला सांगितलं.

“मग वाजवूच नको ना, भावा,” मिलूद म्हणाला. “जिलालीचा डावा हात तसाही रिकामाच असतो.”

जिलाली आमचा कीबोर्डवाला. उजव्या हाताने सूर आणि डाव्याने बेस, दोन्ही वाजवू शकतो. त्याचे मोठे स्पीकर चाकांवर येतात आणि ढकलायला त्याचे दोन मेहुणे असतात. मिलूद हसत बोलला खरा, पण थट्टेत किती थट्टा आहे हे इतक्या वर्षांनी मला कळतं. गुरुवारी लाला यमीनाच्या (मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने ‘लाला’ म्हणतात) नातवाचं लग्न होतं. तोवर मला झेपेल असा अँप आणि पेटी मिळाली तर मी बँडमध्ये, नाहीतर घरी.

मंगळवारी मिलूदला घेऊन म्दीना जदीदा बाजारात बेनआवदाच्या दुकानात गेलो. बेनआवदाने माझ्यापुढे एकेक पेटी मांडली, जसं काही मला मुलगीच दाखवतोय. पहिली एका बारा इंची स्पीकरची. तिचा आवाज नाकात बोलल्यासारखा. दुसरी चार दहा इंचींची. आवाज असा की छाती भरून आली, पण एका कोपऱ्याला धरून जरा उचलून पाहिली आणि कंबरेने लगेच नकार कळवला. तिसरी दोन दहा इंचींची, नव्या हलक्या चुंबकाची. एका हाताने उचलली गेली. तिच्यावरचा अँप तर डब्याएवढा, माझी बायको खेइरा मला कामावर कुस्कुस द्यायची तसल्या डब्याएवढा.

“एवढ्याशा यात ताकद कुठे भरलीय?” मी विचारलं.

“चाचा, आता ताकद वजनात नसते,” बेनआवदा म्हणाला.

“ऐक, कादा, ऐक,” मिलूद मला म्हणाला. “तुझ्यात वजन राहिलंय, ताकद गेली. हिचं उलट आहे. जोडी जमेल.”

पेटी काउंटरवर होती, माझ्या कानाच्या उंचीला. मी वाजवलं. स्वच्छ, गोल, प्रत्येक सूर वेगळा. खरं सांगतो, मला रडू आलं असतं. कंबर न दुखता एवढा चांगला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

“छान,” मिलूद म्हणाला. “आता नव्या पेटीबरोबर वेळेवर यायलाही शीक. सगळा बँड ठेक्यावर पोचतो आणि तू मागून येतोस, बस चुकल्यासारखा.”

हे खरं आहे. मी जरासा मागे वाजवतो. मुद्दाम नाही, हात तसाच पडतो. आणि याच उशिरामुळे माझं लग्न झालं. एल हमरी मोहल्ल्यात एका लग्नात आम्ही खाली अंगणात पुरुषांपुढे वाजवत होतो, आणि वर बायकांमध्ये खेइरा नाचत होती. वरच्यांना बँड कधी दिसत नाही. त्यांना गाणं जिन्यातून पोचतं आणि बेस फरशीतून, पायाला. “हा उशिरा येणारा कोण आहे?” असं तिने आपल्या मावशीला विचारलं. मावशीने चौकशी केली. पुढचं सगळं मावशीनेच केलं.

मी तिसरी पेटी घेतली.

गुरुवारी दुपारी चार मजले एकटा उतरलो, एका हातात गिटार, दुसऱ्या हातात पेटी, आणि शेजाऱ्यांना मुद्दाम थांबून सलाम केला. लाला यमीनाच्या अंगणात पोचल्यावर वाकायला नको म्हणून पेटी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली. दुकानात कानाशी होती, इथेही कानाशी. मला वाटलं, झालं काम.

पहिली तीन गाणी झाली. खाली पुरुष खूश होते. वरून मात्र बायकांची आनंदाची एकही ललकारी आली नाही. बायका वर असूनही घर गप्प, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मग वरची खिडकी उघडली आणि लाला यमीनाचं डोकं बाहेर आलं. पंचाऐंशीची म्हातारी, पण गळा अजून खणखणीत.

“ए मिलूद! तुझा बेसवाला मेला का?”

“नाही, लाला! हा काय, उभा आहे!”

“मग त्याला म्हणावं, मेल्यासारखं वाजवू नकोस. नुसते पाय आपटतोय आम्ही! काय मयताला आलोय?”

सगळं अंगण हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार. आणि हसता हसताच लक्षात आलं. इतकी वर्षं लग्नं वाजवून मी पेटी निवडली ती स्वतःच्या कानासाठी. नाचायचं होतं वरच्या पायांना. हज्जा जमिनीवर बसायची, भिंतीला टेकून, आणि तिचं ते सगळं वजन भिंतीतून वर चढायचं. ही बिचारी खुर्चीवर बसून हवेत गात होती.

पेटी खाली घेऊन भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायला मी वाकलो, पण तेवढ्यात मिलूदने जिलालीकडे पाहून डावा हात हलवला. जिलालीचा बेस सुरू झाला. वर फरशी दणाणली, आणि जिन्यातून ललकाऱ्यांवर ललकाऱ्या उतरल्या. मी पेटी कोपऱ्यात बसवली, कंबर धरून उभा राहिलो आणि वाजवायला लागलो. दोन बेस एकत्र म्हणजे नुसता चिखल. मिलूदने माझ्याकडे न पाहताच तळहात खाली केला: हळू. मी हळू केलं. त्याने परत तळहात खाली केला. मग मी अँपचं बटण शून्यावर आणलं आणि संध्याकाळपर्यंत मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिलो. खाली कोणाला काही कळलं नाही. जिलाली एकदा म्हणाला, “चाचा, माफ करा,” आणि त्यावर मी मान हलवली.

निघताना मिलूद म्हणाला, “थोडे दिवस आराम कर. फोन करतो.” तो फोन करणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. खेइरा कुस्कुसच्या रव्याला वाफ देत होती. तीही काल वर होती, यमीनाच्या पाहुण्यांत. मला फार थकवा आला होता, कंबरेपेक्षा वरच्या कुठल्यातरी जागी.

“काल मजा आली म्हणे वर,” मी म्हणालो.

“आली ना. यमीनाची सून तर चप्पल तुटेपर्यंत नाचली. अगदी वेळेवर पडत होता ठेका, घड्याळासारखा.”

“हं.”

“सगळ्या नाचल्या,” ती म्हणाली. “मी बसले.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती पातेल्याकडे बघत होती.

“का बसलीस?”

“कोणी उशिरा आलंच नाही.”

तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि दाराशी ठेवलेल्या पेटीकडे बोट दाखवलं.

“ती इकडे आण. खुर्चीवर नको, खाली ठेव.”

“खालच्या मजल्यावरचे ओरडतील.”

“ओरडू देत. लिफ्ट दुरुस्त करायला कधी ओरडले?”

मी पेटी एका हाताने उचलली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली. खेइराने चपला काढल्या आणि ती उघडे पाय फरशीवर ठेवून उभी राहिली.

“हं,” ती म्हणाली, “वाजव.”