मार्फत चंद्राबाई

१९३६ साली जोतीराम आणि सारजा हे नवराबायको बारामतीत चंद्राबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. जोतीराम कॅनॉलकडच्या मळ्यांतून कांद्या-वांग्याचं निवडक बी आणायचा. सारजा ते वाळवून, पाखडून पुड्या बांधायची. पुड्या टपालानं गावोगाव जायच्या.

"घरात दुकान मांडायचं न्हाय," असं चंद्राबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून जोतीरामनं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पत्ता दिला तो इंदापूरचा, सारजाच्या भावाच्या कापडदुकानाचा.

"भर पेठंत हाय. वाचणाऱ्याला भारदस्त वाटंल," तो म्हणाला.

मेहुणा सावळाराम मनानं चांगला. पण आलेली पत्रं गादीखाली सारायचा आणि बारामतीकडं कुणी निघालं की एकदम धाडायचा. त्या साली कांद्याच्या बियाची मागणी हातात पडली, तोवर लोकांनी दुसरीकडचं बी टाकूनसुद्धा झालं होतं.

सारजा हातातली पुडी ठेवून उठली. "मी मावशींना खरं काय ते सांगून येते."

"खोली सोडायला लावतील."

"लावू द्या. पत्ता आपल्या दारचाच पायजे."

चंद्राबाई ओट्यावर वाती वळत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "गिऱ्हाईक दारात येनार का?"

"न्हाय मावशी. येईल तो पोस्टमन."

"मग त्याला दुकान कोन म्हनंल?" त्यांचे हात थांबले. "पत्त्यात घरमालकाचं नाव घालत्यात न्हवं?"

"व्हय. तुमच्या दिरांचं, मोहनरावांचं घालू?"

"त्येंचं कशाला? घर माजं हाय. साठी आली, माज्या नावानं एक कारड आलं न्हाय कदी."

पुढची जाहिरात 'मार्फत चंद्राबाई गावडे, कसबा, बारामती' अशी छापून आली. पहिलं कार्ड साताऱ्याहून आलं. पोस्टमननं नाव पुकारलं तशा चंद्राबाई पदर सावरून बाहेर आल्या आणि जोतीरामकडून कार्ड तीनदा वाचून घेतलं.

"काटेरी वांगं का बिनकाट्याचं, ते लिवलंच न्हाय ह्यानं. इचारून घे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून उत्तरं त्याच सांगू लागल्या. दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं पत्रात चंद्राबाईंना नमस्कार कळवू लागली.

दोन वर्षांनी जोतीरामनं कोऱ्हाळ्याला स्वतःचं घर बांधलं. सारजानं भीतभीतच पत्ता बदलायचं काढलं.

"आन् मानसांनी मला हुडकायचं कुठं?" चंद्राबाईंनी विचारलं.

पत्ता तसाच राहिला. बाजारच्या दिवशी दोघं बारामतीला आली की त्या चहा टाकायच्या आणि म्हणायच्या, "बसा आता. सोलापूरवाला उत्तराची वाट बगतोय."