राजलक्ष्मीचं रफू

जयसिंगरावांचा हट्ट म्हणजे हट्ट! बायको, राजलक्ष्मी, गेल्यापासून त्यांच्या अंगातून तो निळा पॉलिएस्टरचा शर्ट उतरेना. धुतला की वाळेपर्यंत चामराजपेटच्या घरात उघडे बसून राहत, वाळला की पुन्हा तोच. घाम जिरत नव्हता, म्हातारपणानं पातळ झालेली पाठीची कातडी सोलून निघाली होती. मुलीनं, सौम्यानं, जयनगरहून आणलेले सुती शर्ट कपाटात तसेच पडून होते.

"अप्पा, रक्त येतंय हो!"

"येऊ दे." उजवा हात डाव्या कोपरावर ठेवून ते बसायचे.

आता या मुलीचं कामच पॉलिएस्टरचं. होसकोटेच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. गरम कॉस्टिक सोड्यात पॉलिएस्टर शिजवला की सोडा धाग्याचं वरचं अंग खातो. धागा बारीक होतो, मऊ होतो, थोडं पाणीही धरायला लागतो. थांबायचं कधी, एवढीच मेख. शेवटी तिनं शब्द दिला, "शर्ट तोच राहील, फक्त टोचणार नाही." जयसिंगरावांनी नाइलाजानं बटणं सोडली.

प्रयोगशाळेत ठरल्या वेळी शर्ट सोड्यातून बाहेर काढला तेव्हा छान मऊ लागत होता. पण माया वेडी! अप्पांना आणखी स्वल्प मऊ मिळू दे म्हणून तिनं तो पुन्हा आत सोडला. धुऊन पिळायला गेली तर खांदा टरकन फाटला, पाठीची जाळी झाली. डाव्या कोपरावरचं आईचं रफू तेवढं धडधाकट होतं, पांढऱ्या दोऱ्याचं, निळ्यावर उठून दिसणारं. पॉलिएस्टरला कुणी सुती दोरा लावतं का, म्हणून तिनंच तेव्हा आईची टिंगल केली होती.

घरी येऊन ती चिंधी वडिलांच्या मांडीवर ठेवताना तिला रडूच फुटलं. "अप्पा, मी घालवला."

जयसिंगरावांनी रफू चाचपलं. "हे कसं राहिलं?"

"ते कापसाचं आहे. सोडा कापसाला खात नाही."

"असं होय!" म्हातारा हसला आणि डोळे भरून आले. "अगं, शर्टाला काय चाटायचंय? मला एवढंच हवं होतं. सांगायची लाज वाटत होती."

उठून त्यांनी कपाटातला सुती शर्ट स्वतः काढला आणि त्याची डावी बाही तिच्यापुढे केली.

"हे रफू इथं लाव. आणि दोरा कापसाचाच घे. सरी? बरं ना?"