बासांची पैज

मी मूळची धुळ्याची. आग्रा रोडवर आमचं घर होतं आणि त्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. आई म्हणायची, आमच्या प्रेमकुंवरने गच्चीवरून हाक मारली की पांझरा नदीवरचा धोबी मान वर करून बघतो. अशी मी, आणि सोळाव्या वर्षी लग्न होऊन अमळनेरला आले ती अशा घरात, जिथे सुनेने सासऱ्यापुढे तोंडातून शब्द काढायचा नाही! घुंगट छातीपर्यंत. काही सांगायचं झालं तर बांगड्या वाजवायच्या, नाहीतर भुवाजींना सांगायचं, मग भुवाजी त्यांना सांगणार. भुवाजी म्हणजे सासऱ्यांची विधवा बहीण झमकूबाई. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या.

सासऱ्यांचं नाव जवरीलालजी. घरातले सगळे त्यांना बासा म्हणायचे. मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात. एकोणीस वर्षं त्यांना वाढलं, त्यांचं पाणी उकळून गाळून ठेवलं, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आताच्या सुना हे ऐकून हसतात. हसा बाई, हसा. आमच्यात तोच मान होता.

बासांशी बोलणारा सगळ्या गावात एकच माणूस, पितांबर नाना. बोरी नदीच्या पलीकडे त्यांचं चार बिघे शेत, आणि घर आमच्या मागच्या गल्लीत. रोज पहाटे दोघं नदीपर्यंत चालत जायचे आणि परत येऊन आमच्या ओट्यावर बसायचे. बसायचे म्हणजे भांडायचे. भांडण एकाच गोष्टीवर, की जास्त वर्षं कोण जगणार!

बासांचं म्हणणं, सूर्य मावळायच्या आत जेवावं, पाणी उकळलेलं प्यावं, पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवावा, मग माणसाला नव्वदीपर्यंत धक्का नाही. नाना यावर मांडीवर थाप मारून हसायचे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वर मिरचीचा ठेचा आणि दिवसभर शेतात राबणं, यापुढे त्यांना दुसरं काही पटायचं नाही.

"जवरीभाऊ, तुन्हं बठ्ठं खोटं शे," ते अहिराणीत ओरडायचे, तुझं सगळं खोटं म्हणून. "भाकर खा, भाकर! मी तुन्हा तेरावाले जेवाले येसू, देखजो."

"तू माझ्या तेराव्याला येतोस?" बासा म्हणायचे. "तुझ्या तेराव्याला मी दोन पुरणपोळ्या जास्त खाईन, लिहून ठेव!"

दुकानात बासांसमोर कोणी मान वर करत नसे. माझे मालक, प्रकाशचंद, चाळीशीचे झाले तरी वडिलांपुढे 'हो जी'शिवाय दुसरं बोलायचे नाहीत. पण ओट्यावर नाना त्यांना चक्क 'बावळट' म्हणायचे, आणि बासांचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू. मी आत पोळ्या लाटता लाटता कान देऊन ऐकायचे. मनात दोघांनाही उत्तरं द्यायचे, कधी नानांच्या बाजूने, कधी बासांच्या. माझी करमणूक तेवढीच होती.

अडुसष्ट सालच्या चैत्रात नाना गेले. शेतातून आले, ओसरीवर आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. वय एकोणऐंशी. बासा त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान.

नानांच्या तेराव्याला बासा त्यांच्या घरी गेले. मी दारात उभी राहून वाट बघत होते. परत आल्यावर भुवाजींनी विचारलं, "जेवलास?" ते म्हणाले, "तोंडाला चव नाही." टोपी खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, चार दिवसांनी उठतील.

उठले कुठले! आधी नदीवर जाणं बंद झालं. मग तूप सोडलं, मग दूध. मग दिवसातून एकदाच बसायचं, एका बैठकीत जेवायचं आणि बाकी दिवस नुसतं पाणी. आमच्या जैनांमध्ये हे सगळं तपस्येत मोडतं. घरात कोणी तपस्या धरली की इतरांनी त्याला हात जोडायचे, 'हे सोडू नका, ते खा' असं म्हणायचं नाही. भुवाजी स्थानकात, म्हणजे आमचे साधू-साध्वी उतरतात तिथे, जाऊन अभिमानाने सांगायच्या, "माझ्या भावाचा महिना झाला एकासना चालू आहे." बायका घरी येऊन बासांच्या पाया पडून जायच्या. आणि तो माणूस दोरीवरच्या धोतरासारखा दिवसेंदिवस हलका होत चालला होता.

मला तपस्या शिकवायला कोणी येऊ नये. मी स्वतः दोनदा अठाई केली आहे, आठ आठ दिवस नुसत्या पाण्यावर. तपस्येत माणूस वाळतो, पण त्याच्या तोंडावर तेज येतं, त्याला आतून बळ असतं. बासांच्या तोंडावर तेज नव्हतं हो. ते धर्मासाठी काही सोडत नव्हते. त्यांना जगायचाच कंटाळा आला होता, आणि आम्ही सगळे त्या कंटाळ्याच्या पाया पडत होतो. हे मला घुंगटातून दिसत होतं, मग बाकीच्यांना उघड्या डोळ्यांनी का दिसू नये?

मी मालकांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी डॉक्टर आणले. डॉक्टरांनी छाती बघितली, नाडी बघितली, डोळे बघितले.

"तंबाखू?"

"कधीच नाही," मालक म्हणाले.

"चालणं?"

"नाना होते तोपर्यंत रोज नदीपर्यंत."

"जेवण?"

"वेळेवर, मोजकं, दिवसाउजेडी."

"अहो, मग यांनी शंभरी गाठायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "शरीरात काही बिघाड नाही यांच्या. बरं, दिवसभर यांच्याशी बोलतं कोण?"

मालकांनी भुवाजींकडे बघितलं, भुवाजींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी जमिनीकडे. मग डॉक्टरांनी एक टॉनिक लिहून दिलं. ते मोरीजवळच्या फळीवर तसंच राहिलं.

मालक तरी बिचारे दोन संध्याकाळ बासांजवळ जाऊन बसले. "बासा, कसं वाटतंय?" "ठीक." "काही पाहिजे का?" "नको." झालं! तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मी काय बोलू त्यांच्याशी? नाना वाद घालायचे. मी बासांशी वाद घालू? माझी काय टाप आहे?" मला राग आला, पण त्यांचंही खरं होतं. घरात सगळ्यांनी बासांना इतका मान दिला होता की त्यांना 'नाही' म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी भुवाजी डोळे पुसत स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "सोमवारपासून दिवसातलं ते एक जेवणही सोडणार म्हणतो. भाग्यवान आहे बाई माझा भाऊ." आणि त्या स्थानकात निघून गेल्या.

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

दुपारी मी बासांचं ताट वाढलं. ते पाटावर बसले. अर्धा फुलका डाळीत बुडवून खाल्ला, ताट जरा पुढे सारलं आणि हवेकडे बघून म्हणाले, "बस."

मी पळीत डाळ घेऊन उभी. घरात दुसरं कोणी नव्हतं. भुवाजींना कळलं तर घरात काय होईल, मालक काय म्हणतील, माहेरी काय निरोप जाईल, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि तरी तोंड उघडलंच. धुळ्याचं तोंड ते, एकोणीस वर्षं दाबून धरलेलं.

"म्हणजे नानाच जिंकले म्हणायचे!"

बासांनी दचकून दाराकडे बघितलं. दारात कोणी आलंय असं वाटलं असेल त्यांना.

"इकडे बघा बासा, मी बोलतेय. नाना एकोणऐंशीव्या वर्षी गेले. तुम्ही आत्ता सत्त्याहत्तर. सोमवारी जेवण सोडलंत तर अजून किती दिवस काढाल? म्हणजे दोन वर्षं आधीच निघालात. तुमचं उकळलेलं पाणी हरलं आणि नानांची भाकर जिंकली. गावात सगळ्यांना ठाऊक होती तुमची पैज. सगळे हेच म्हणतील!"

बोलून गेले. पळीतली डाळ जमिनीवर सांडत होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. बासा ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे उठतील, आणि माझ्यामुळे आजच अन्न सोडतील. देवा, हे काय करून बसले मी!

"तुझ्या डाळीत हिंग फार असतो," बासा म्हणाले.

मला आधी कळेचना. "काय?"

"हिंग. फार घालतेस तू. पहिल्या दिवसापासून."

आता सांगते, त्या क्षणी मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझं डोकंच फिरलं. माझ्या डाळीला सगळ्या नात्यात कोणी नाव ठेवलं नव्हतं! "एकोणीस वर्षं खाल्लीत ना?" मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला तो चढलाच. "मग एकोणीस वर्षांत सांगायला काय झालं होतं?"

"कोणाला सांगू?" तेही आवाज चढवून म्हणाले. "तुला बोलायची सोय नाही. झमकूला सांगितलं असतं तर तिने तुला फाडून खाल्लं असतं. सोळा वर्षांची पोर, आईबापांना सोडून आलेली. रात्री स्वयंपाकघरात रडायचीस, मला ऐकू यायचं. तुला आणखी बोलणी कशाला बसवायची? म्हणून खात राहिलो."

मी मटकन खाली बसले. बसताना घुंगट मागे पडला तो मी ओढला नाही. एकोणीस वर्षं मला वाटत होतं, या घरात माझं रडणं कोणाच्या कानावरही गेलं नाही. मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले, लहान पोरीसारखी. त्यांनी रडू दिलं. सरळ त्यांच्या तोंडाकडे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. डोळे त्यांचेही भरले होते.

"नाना तुम्हाला बावळट म्हणायचे ते बरोबरच होतं," मी नाक पुसत म्हटलं. "एकोणीस वर्षं नको ती डाळ खाणारा माणूस बावळटच."

"त्या पितांबरला काय कळत होतं!" बासा उसळून म्हणाले. "मिरच्या खाऊन खाऊन आतडी जाळून घेतली त्याने. आणि भाकर जिंकली म्हणतेस? अजून दोन वर्षं आहेत माझ्या हातात. दोन वर्षं!"

ते अजून पाटावरून उठले नव्हते, म्हणजे बैठक मोडली नव्हती. त्यांनी ताट जवळ ओढलं. उरलेला अर्धा फुलका खाल्ला आणि दुसऱ्यासाठी वाटीच्या काठावर बोटाने टकटक केलं. मी उठून फुलका आणला, डाळ वाढली. ती त्यांनी तोंड वाकडं करून खाल्ली.

"उद्या हिंग कमी घाल," ते म्हणाले.

उद्या! नाना गेल्यापासून त्या माणसाच्या तोंडून हा शब्द आला नव्हता. मला तिथल्या तिथे त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"बघू," मी म्हटलं. लगेच 'हो' म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं.